खाजगी योगवर्गाची फी कशी ठरवायची? सोलापुरात नव्याने शिकवू लागलेल्यांसाठी

माझ्या पहिल्या खाजगी विद्यार्थिनी म्हणजे जुळे सोलापुरातल्या एक काकू. गुडघे दुखायचे, आणि मुलगा-सून पुण्याला गेल्यापासून झोप उडालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "किती घेणार ताई?" मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." महिनाभर, रविवार सोडून, २६ सकाळी मी स्कूटर काढून त्यांच्याकडे गेले. महिना संपला त्या दिवशी काकूंनी मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, खणा-नारळाने ओटी भरली आणि एक पाकीट हातात ठेवलं. जिन्यात थांबून मी ते उघडलं. आत ५०१ रुपये होते.

काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. घरी येऊन चांगलं काही करून जाणाऱ्या बाईला जे द्यायचं असतं ते त्यांनी मनापासून दिलं होतं. फी विचारल्यावर मीच उत्तर टाळलं होतं. वाईट झालं ते पुढच्या महिन्यात. मी दहा-दहा मिनिटं उशिरा पोचू लागले. शवासन दहाचं पाच मिनिटांवर आलं. त्यांच्या गुडघ्यासाठी खुर्चीवरचे काही प्रकार शोधून काढायचे होते, ते राहूनच गेले. मला तोंड उघडायची लाज वाटली आणि त्याची किंमत त्यांच्या गुडघ्यांनी मोजली.

नव्याने शिकवायला लागलेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते. फी ठरवणं हा शिकवण्याचाच भाग आहे. ज्या फीत तुमचं घर चालत नाही, त्या फीत तुम्ही चांगलं शिकवूही शकत नाही. फार तर दोन-तीन महिने शिकवाल.

आधी मनातला अडसर

"विद्या विकू नये", "योग म्हणजे सेवा", "अपरिग्रह शिकवायचा आणि पैसे मागायचे?" अशी वाक्यं तुम्हाला घरातून ऐकायला मिळतील, शेजारून मिळतील, कधी स्वतःच्या मनातूनही येतील. २१ जूनला मैदानावर फुकट कार्यक्रम होतात, उद्यानांत संस्थांचे विनामूल्य वर्ग चालतात, त्यामुळे योगाला पैसे पडतात हेच अनेकांना नवीन असतं. ते वर्ग चांगलेच आहेत, माझी स्वतःची सुरुवात अशाच एका वर्गात झाली. पण तिथे शिकवणाऱ्याचं घर बहुतेक वेळा पेन्शनवर किंवा नोकरीवर चालतं, आणि ५० जणांना एकच आसन सांगितलं जातं. एका माणसाच्या घरी जाऊन त्याच्या कंबरेचा, त्याच्या रक्तदाबाचा, त्याच्या वयाचा विचार करून तासभर शिकवणं हे वेगळं काम आहे.

आणि या प्रश्नाचं उत्तर शोधायला सोलापूरच्या माणसाला लांब जायला नको. आपल्या सिद्धरामेश्वरांची परंपरा बाराव्या शतकातल्या शरणांची, म्हणजे शिवभक्त संतांची. त्या परंपरेत दोन शब्द जोडीने येतात: कायक आणि दासोह. कायक म्हणजे अंग मोडून केलेलं प्रामाणिक काम, तीच पूजा. दासोह म्हणजे त्या कमाईतून समाजाला दिलेला वाटा. क्रम लक्षात घ्या. आधी कायक, मग दासोह. जिथे कमाईच नाही तिथे वाटा कशातून काढणार?

याच परंपरेतली आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची गोष्ट मला फार जवळची आहे. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणं हे मारय्याचं कायक. एके दिवशी तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला, तेव्हा लक्कम्माने जास्तीचे परत टाकून यायला सांगितलं. अपरिग्रह म्हणतात तो हाच. पण त्या गोष्टीत लक्कम्माला आपल्या घराला रोज किती लागतं हे पक्कं माहीत होतं, हे आपण विसरतो. तो आकडा माहीत नसेल तर जास्त घेतलं की कमी, हे कळणारच नाही. तेव्हा पहिलं काम तो आकडा काढायचा.

पायरी १ : एका तासाला खरंच किती वेळ जातो?

एक वही घ्या आणि आठवडाभर नोंद करा. माझी एक सकाळ अशी होती: ५:३५ ला घरातून निघाले, ५:५५ ला पोचले, ६ ते ७ वर्ग, ७:१० पर्यंत जिन्यात उभं राहून "ताई, मान वळवताना कट्ट वाजतं ते चांगलं का?" यावर बोलणं, ७:३० ला परत. दुपारी दहा मिनिटं त्यांच्या वहीत आज काय घेतलं, कुठे दुखलं, उद्या काय घ्यायचं ते लिहिलं. बेरीज केली तर दोन तासांच्या वर. म्हणजे "एका तासाचे ३०० रुपये" म्हणताना मी प्रत्यक्षात तासाला दीडशे घेत होते, आणि पेट्रोल त्यातलंच.

ही वही आठवडाभर लिहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. अंदाजाने केलेलं गणित नेहमी आपल्याला कमी सांगतं.

पायरी २ : वर्षाचं गणित

महिन्याचं गणित फसवतं, कारण सोलापुरात सगळे महिने सारखे नसतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा घरोघरी पाहुणे. दिवाळीचे आठ-दहा दिवस जातात. मे महिन्यात ऊन चाळिशी पार करतं, मुलांना सुट्ट्या असतात, माणसं गावी जातात. लग्नसराई, श्रावणातली व्रतं, स्वतःचं आजारपण. म्हणून वर्षाचे ५२ आठवडे धरू नका. मी ४४ धरते.

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. पद्धत मात्र हीच ठेवा.

समजा महिन्याला घरात २५,००० रुपये यायला हवेत. वर्षाचे ३,००,०००. आता खर्च. स्कूटरचं पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर असं सगळं मिळून किलोमीटरला ४ रुपये धरले आणि जाऊन-येऊन सरासरी १२ किलोमीटर पडले, तर एका फेरीला साधारण ५० रुपये. दिवसाला तीन घरं, आठवड्याला पाच दिवस, ४४ आठवडे, म्हणजे ६६० वर्ग. त्यातले शंभरेक कुणाच्या ना कुणाच्या कारणाने बुडतात, तेव्हा हातात ५६०. फेऱ्यांचा खर्च झाला २८,०००. फोन आणि इंटरनेट ४,०००. चटया, पट्टे, ठोकळे, उश्या ६,०००. वर्षातून एखादं शिबिर करून स्वतः शिकायला १२,०००. आरोग्य विमा १२,०००. म्हातारपणासाठी बाजूला २४,०००. एकूण खर्च ८६,०००.

३,००,००० अधिक ८६,००० म्हणजे ३,८६,०००. त्याला ५६० ने भागा. एका वर्गाचे ६८९ रुपये आले. म्हणजे ७०० धरा.

माझं हे उत्तर पहिल्यांदा आलं तेव्हा मी बेरीज दोनदा तपासली. "सोलापुरात कोण देणार सातशे?" हेच मनात आलं. तुमच्याही येईल. पण वहीत विमा आहे, म्हातारपण आहे, शिकणं आहे. यातलं काय खोडणार? मी बरीच वर्षं विमा आणि बचत खोडून स्वस्तात शिकवत राहिले. मग एकदा गुडघ्याची दुखापत होऊन सहा आठवडे घरी बसावं लागलं आणि त्या महिन्यांची पोकळी नणंदेकडून उसने घेऊन भरली. खोडलेल्या ओळी कुठे जात नाहीत, त्या नंतर एकदम समोर उभ्या राहतात.

पायरी ३ : आकडा जड वाटतोय, तर काय बदलायचं?

इथेच खरी कसरत आहे, त्यामुळे सावकाश वाचा. दर कमी करायच्या आधी कामाची मांडणी बदलून बघा.

सगळ्यात मोठा फरक अंतराने पडतो. रेल्वे लाइन्स भागातल्या एकाच इमारतीत किंवा आजूबाजूच्या गल्लीत दोन घरं मिळाली, तर ६ ते ७ एक आणि ७:१० ते ८:१० दुसरं. एक फेरी वाचते, जवळजवळ पाऊण तास आणि पेट्रोल वाचतं. अशा दोन्ही घरांना मी ६०० सांगू शकते आणि माझं नुकसान होत नाही. म्हणून नवीन विद्यार्थी शोधताना आधी जुन्या विद्यार्थ्याच्या शेजारी विचारा. उलट, विजापूर रोडला राहून अक्कलकोट रोडला एकच घर घेतलं, तर सातशेही परवडत नाहीत. ठरावीक अंतरापर्यंत साधा दर, त्यापुढे जास्तीचा, असं पहिल्यापासून ठरवून ठेवा.

दुसरं, रोजचा हट्ट सोडा. आपल्याकडे क्लास म्हणजे रोजचा असं लोकांच्या डोक्यात असतं. पण आठवड्यातून तीन दिवस तुम्ही आणि बाकीचे दिवस त्यांनी स्वतः, तुम्ही लिहून दिलेला २० मिनिटांचा सराव, असं केलं तर त्यांचे महिन्याचे १२ वर्ग होतात, ८,४०० रुपये. रोजचे २२ वर्ग धरले तर १५,४०० होतात. शिकणाऱ्याच्या अंगात योग मुरतोही जास्त, कारण तो स्वतःच्या पायावर उभा राहतो.

तिसरं, एका घरात दोघं. नवरा-बायको, सासू-सून, दोघी जावा. दोघांचे मिळून ९५० घ्या. तयारी थोडी वाढते, फेरी तीच राहते, आणि त्यांना माणशी ४७५ पडतात. दोघांपैकी एकाला कंटाळा आला तर दुसरं उठवतं, त्यामुळे दांड्याही कमी होतात.

बॅच काढली की खाजगी वर्ग स्वस्तात देता येतील, असं बरेच जण म्हणतात. गणित करून बघा. सकाळची एक वेळ बॅचला दिली, १५ जण, माणशी महिना ८००, म्हणजे १२,०००. हॉलचं भाडं ३,००० वजा केलं, हातात ९,०००. अकरा महिन्यांचे ९९,०००. पण आता खाजगी घरं दिवसाला दोनच उरली, म्हणजे बुडालेले वजा जाता वर्षाला ३७४ वर्ग. फेऱ्यांचा खर्च घटून एकूण गरज ३,७७,००० होते. त्यातून ९९,००० वजा केले आणि ३७४ ने भागलं, की दर येतो ७४३. कमी व्हायच्या ऐवजी वाढला! तीच बॅच २५ जणांची असेल तर दर ५०८ पर्यंत उतरतो. तेव्हा बॅच जरूर काढा, पण अर्धी रिकामी बॅच खाजगी वर्गांच्या जिवावर चालते हे लक्षात ठेवा.

ऑनलाइन वर्गाचं वेगळं मोजा. सोलापूरची कितीतरी मुलं पुण्यात आणि हैदराबादला नोकरीला आहेत, आईला बरं वाटलं की मुलगी तिकडून विचारते, "मला पण शिकवाल का?" तिथे फेरी नाही, पण डोळ्यांनी बघून दुरुस्त करायला जास्त लक्ष लागतं, हात लावून सांगता येत नाही. घरी जाऊन ७०० असतील तर ऑनलाइनचे मी ५०० धरते. ती पुण्यात राहते म्हणून जास्त सांगू नका आणि ती परगावची, हातची जाईल म्हणून कमीही सांगू नका. एका दोरीने मोजलं की रात्री नीट झोप लागते.

पायरी ४ : पहिली भेट

पहिल्या भेटीचे पैसे घ्यायचे की नाही? मी घेते, निम्मे. त्या भेटीत आसनं फारशी होत नाहीत. जुनी दुखणी, ऑपरेशन, रक्तदाब, साखर, डोळ्यांत काचबिंदू आहे का, बाई असेल तर गरोदर आहे का किंवा पाळीचा काही त्रास आहे का, हे सगळं विचारून लिहून घेते. मणका, हृदय किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय सुरुवात करत नाही. "तीन महिन्यांत साखर घालवते" असं सांगून जास्त फी लावणारे आहेत. तसं कधीही करू नका. आपण शिकवतो, उपचार करत नाही. फी वाढवायला खोट्या आशेचा आधार घेतला, तर यम-नियमांतलं सत्य पहिल्याच दिवशी गेलं.

याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारा, तो सोलापूरबाहेरच्या पुस्तकात सापडणार नाही: "तुमच्याकडे पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येतं?" नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पाण्याच्या वेळी कुणी ताडासनात उभं राहणार नाही, राहूही नये. मी सुरुवातीला हे विचारत नव्हते. दार उघडलं की समोर पाइप, बादल्या, घागरी, आणि "ताई, आज पाणी आलंय बघा, आज नको." गेलेली फेरी माझ्या खिशातून. आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या पानावर पाण्याची पाळी लिहिलेली असते आणि वर्गाचे वार त्याभोवती लावलेले असतात. पाळी बदलली की त्यांनी आदल्या दिवशी कळवायचं.

भाषेचाही विचार करा. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अनेक घरांत कन्नड. तुम्हाला त्यातली एखादी भाषा येत असेल तर तिथल्या आजीबाई मोकळेपणाने दुखणं सांगतात. शिकवण्यात तिचा खरोखर उपयोग होतो, तेव्हा ओळख करून देताना तिचा उल्लेख जरूर करा.

पायरी ५ : फी तोंडाने सांगणं

घरी आरशासमोर सराव करा, आसनाचा करता तसाच. वाक्य एकच, सरळ: "आठवड्याला तीन दिवस, महिन्याचे १२ वर्ग, एका वर्गाचे ७०० रुपये, महिन्याचे ८,४००, आणि ते महिन्याच्या सुरुवातीला." एवढं बोलून गप्प बसा.

हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. समोरचा माणूस हिशेब करत असतो, आणि तेवढ्यात आपण घाबरून म्हणतो, "म्हणजे तुम्हाला जमेल तसं, थोडं कमी-जास्त चालेल." त्याने अजून मागितलंच नव्हतं! चार श्वास मोजा. पूरक, रेचक, जे येतं ते करा, पण त्यांना बोलू द्या.

"जरा कमी करा की" हे येणारच. चादर घेताना, भाजी घेताना सगळीकडे आपण असंच बोलतो, त्यात अपमान नाही. त्यावर दर कमी करू नका, वर्ग कमी करा. "८,४०० जड होत असतील तर आठवड्याला दोन दिवस घेऊ, महिन्याचे ८ वर्ग, ५,६०० होतील." किंवा, "वहिनींनाही बसवा, दोघांचं मिळून घेऊ." दर तोच राहतो आणि त्यांच्याही खिशाला झेपतं. एकाला ७०० आणि दुसऱ्याला रडकं तोंड केलं म्हणून ४५० असं केलंत, तर लक्षात ठेवा, सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत हे शहर लहान आहे. दोघी एखाद्या लग्नात शेजारी-शेजारी जेवायला बसतील.

"जिमवाला महिन्याला हजारात देतो" याला उत्तर देताना जिमला नावं ठेवू नका. "तिथे यंत्रं आणि बरेच जण असतात, इथे तास पूर्ण तुमचाच असतो. दोन्ही आपापल्या जागी चांगलं आहे," एवढं पुरे. ज्याला जिम हवी त्याला जाऊ द्या.

नवशिक्यांनी कमी दर लावावा का? लावा, पण मुदत घालून. "माझे पहिले पाच विद्यार्थी, पहिले तीन महिने ५००, नंतर ७००," असं पहिल्याच दिवशी सांगा आणि लिहून द्या. मुदतीशिवाय लावलेला कमी दर पुढे कायमचा होऊन बसतो. प्रमाणपत्राचंही विचारतात बरेच जण. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा चांगल्या आहेत, अभ्यास पक्का होतो, शाळा-कंपन्यांत काम मिळवताना उपयोग होतो. घरी जाऊन शिकवायला मात्र त्यांची कायद्याने सक्ती नाही. भिंतीवर प्रमाणपत्र वाढलं म्हणून फी वाढवू नका. तुमची नजर किती पक्की झाली त्यावर वाढवा.

पायरी ६ : नियम आधी, कागदावर

मी अर्ध्या पानावर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवते. महिन्याचे पैसे आगाऊ, पहिल्या वर्गाच्या आधी. आदल्या रात्री ९ पर्यंत कळवलं तर वर्ग पुढे ढकलू, त्यानंतर कळवलं तर तो झाला असं धरू. १२ वर्ग सहा आठवड्यांत संपवायचे. मी आले नाही तर तो वर्ग माझ्याकडे बाकी. घरात कुणी दवाखान्यात असेल किंवा कुणी गेलं असेल तर नियम नाही, तिथे माणुसकी. हे शेवटचं वाक्यही लिहितेच, कारण ते लिहिलेलं असलं की बाकीचे नियम पाळायला कुणाला जड जात नाही.

पैसे यूपीआयने घ्या, योगाच्या कमाईसाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. रोख मिळाले तरी त्याच दिवशी वहीत लिहा आणि पावती द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारच्या संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची काळजी नको. आयकरासाठी मात्र वर्षातून एकदा वही घेऊन सीएकडे जा.

थकबाकी वाढू देऊ नका. एका मोठ्या घरात माझे तीन महिन्यांचे पैसे राहिले होते, "देऊ की ताई, कुठे पळून जातोय का" म्हणत. शेवटी निम्मे मिळाले आणि बोलणंही तुटलं. पहिल्याच महिन्यात मी शांतपणे थांबले असते तर ओळख तरी राहिली असती. आता पाच तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर एक निरोप पाठवते: "या महिन्याचे पैसे आले की पुढचा वार ठरवू." रागाचा एकही शब्द नाही.

पायरी ७ : फुकट कुणाला शिकवायचं?

हे मनाच्या कळवळ्यावर सोडू नका, जागा ठरवून ठेवा. माझ्याकडे दहा विद्यार्थ्यांमागे एक जागा विनामूल्य आहे, आणि रविवारची सकाळ कुंभारीच्या विडी घरकुलातल्या बायकांसाठी. दिवसभर मांडीत सूप घेऊन, मान खाली घालून विड्या वळायच्या, पानं कातरायची, दोरा गुंडाळायचा. त्यांची मान आणि बोटं दगडासारखी झालेली असतात. पहिल्या रविवारी एका मावशींना मी हात वर करायला सांगितलं तर खांद्याच्या वर हात जाईना. डाव्या हाताने उजवा हात धरून त्यांनी तो हळूहळू वर नेला आणि तसाच धरून ठेवला. खाली आणायलाच तयार नाहीत. "असं वर बघून लई दिवस झालं," म्हणाल्या.

त्या तासाचे मी कुणाकडून एक रुपया घेत नाही आणि तिथे मला कधी थकवाही येत नाही, कारण आठवड्याचे बाकीचे दिवस माझं घर नीट चालतं. पायरी २ च्या वहीत हा रविवार आधीच धरलेला आहे. तुमचा दासोह कुठे, किती, ते तुम्ही ठरवा. फक्त जो पैसे देऊ शकतो त्याला "आता ओळख झाली, कसं मागायचं" म्हणून फुकट शिकवू नका. त्याने घेतलेली जागा त्या मावशींची असते.

पायरी ८ : दर वाढवणं

वर्षातून एकदाच, ठरलेल्या दिवशी. मी गुढीपाडवा धरला आहे, लोकांच्या लक्षात राहतो. वही पुन्हा मांडायची, पेट्रोल, भाडं, विमा यांचे नवे आकडे घालायचे आणि जो दर येईल तो महिनाभर आधी कळवायचा. निरोप असा: "नमस्कार, पाडव्यापासून एका वर्गाचे ७०० ऐवजी ७५० रुपये होतील. तुमचे आगाऊ भरलेले वर्ग जुन्याच दराने पूर्ण करू. काही अडचण असेल तर बोलू." कारणांची यादी नको, माफी नको.

दोन-चार जण सोडून जातील. त्यांना जाताना रिकाम्या हाताने पाठवू नका. दोन पानांवर त्यांचा रोजचा सराव लिहून द्या, कोणतं आसन टाळायचं ते लाल शाईने. ज्या काकूंनी माझी ओटी भरली होती, त्या पुढे मी नीट फी सांगितली तेव्हा "एवढं नाही जमायचं ग" म्हणून थांबल्या. त्यांना मी खुर्चीवरच्या सरावाचा कागद करून दिला, पहिल्यांदा जो शोधून काढायचा राहिला होता तो. गेल्या वर्षी त्यांच्या शेजारच्या बाईंचा फोन आला. काकूंच्या फ्रिजवर तो कागद अजून लावलेला आहे, त्यावरूनच त्यांनी माझा नंबर घेतला होता. "फी किती घेता?" त्यांनी विचारलं. मी सांगितली, आणि चार श्वास थांबले.